शेपटांचं इंग्रजी

१४ ऑगस्ट २०२४, बुधवार

नापास! दहा मार्कांनी!

लिहिणं, वाचणं, ऐकणं — तिन्हीत पास. बोलण्यात गेले. बारा वर्षं वॉर्डात दिवसभर बोलतेय मी — पेशंटशी, नातेवाइकांशी, डॉक्टरांशी — आणि बोलण्यातच नापास! ही परीक्षा नाही तर इंग्लंडात नर्सची नोकरी नाही. साधा हिशोब.

का गेले तेही माहीत आहे. परीक्षेत समोर एक बाई पेशंट होऊन बसते. तिला काय होतंय ते आपण काढून घ्यायचं, धीर द्यायचा. बाई म्हणाली, 'आय पास्ड आउट ॲट वर्क.' आणि मी काय विचारावं? — 'विच इयर?'

विच इयर!! आपल्याकडे कॉलेजातून पास आउट होतात ना. मीही दोन हजार बाराची पास आउट. घाबरलेल्या डोक्यात तेच आलं. बाई कामावर चक्कर येऊन पडली होती आणि मी तिला पासिंगचं वर्ष विचारत होते. ती हसलीसुद्धा नाही. त्यानंतर माझी जी वाट लागली, ती लागलीच.

सुयोग म्हणाला, "जाऊ दे ना यार, परत दे." हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडली की बटण परत दाबून बघायचं, एवढंच त्याला कळतं.

सासूबाई मात्र जवळ येऊन बसल्या. "एवढ्याश्या शब्दान तुका नापास केल्यानी? काय तो शब्द?"

सांगितला.

"आउट? ता तर क्रिकेटात असता."

म्हटलं, हो, मीही आउटच झाले. मग दोघी हसलो. मी थोडी रडलेही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन, जिलेबी, ड्युटी. कुणाला सांगितलं नाही. माहेरी खारदांड्याला आईलासुद्धा नाही. तिला सांगितलं की बाजारातल्या सगळ्या कोळणींना कळणार, मग प्रत्येक पापलेटाबरोबर माझी बातमी विकली जाणार.

१८ ऑगस्ट, रविवार

निशा मॅडमचा ऑनलाइन क्लास पुन्हा लावला. मोबाइल ओट्यावर, डब्याला टेकवून. सासूबाई खाली बसून कोलंबी सोलत होत्या.

मॅडम म्हणाल्या, मनाली, तुझं इंग्रजी पुस्तकातलं आहे. तिकडचे पेशंट पुस्तकातलं बोलत नाहीत. ते 'व्हॉमिट' म्हणणार नाहीत, 'थ्रो अप' म्हणतील. बेशुद्ध पडले तर 'पास आउट', शुद्धीवर आले तर 'कम राउंड', मेले तर 'पास अवे'. औषधाचा परिणाम ओसरला तर 'वेअर ऑफ'. क्रियापद सोपंच असतं — थ्रो, पास, कम, लुक — पण मागे लागलेला बारकासा शब्द बदलला की अर्थ फिरतो. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक इनटू म्हणजे चौकशी करणं, लुक डाउन ऑन म्हणजे तुच्छ लेखणं.

क्लास संपला तशी मी डोकं धरून बसले. असे तीनशे आहेत म्हणे! कोण पाठ करणार?

सासूबाई कोलंबीचं डोकं मोडत म्हणाल्या, "म्हणजे प्राणी तोच, शेपूट बदलता."

"म्हणजे?"

"बघणा तां एकच. एक शेपूट लावला की सांभाळणा, दुसरा लावला की हिणवणा. त्यात काय? आपला 'लागणे' घे. भूक लागता, ठेच लागता, दृष्ट लागता, झोप लागता, पोर नादाक लागता. मी कधी पाठ केललंय?"

मी बघतच राहिले. सातवी शिकलेली बाई! मॅडमना चाळीस मिनिटं लागली (लागली!) ते हिने कोलंबीच्या एका वाट्यात सांगितलं. वर म्हणतात, "आपला तोंड बदलता, तेंचा शेपूट. तेवढोच फरक."

२४ ऑगस्ट, शनिवार

आज महान प्रयोग झाला! मॅडमनी सांगितलं होतं, घरात कुणालातरी पेशंट करून सराव कर. सुयोगला बसवलं, तर तो दोन मिनिटांत खरोखर घोरायला लागला. मग सासूबाई म्हणाल्या, "मी होतंय पेशंट."

दिवाणावर आडव्या झाल्या, शाल गळ्यापर्यंत. मी वाक्यं देवनागरीत लिहून दिली होती, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागे. त्यांनी चष्मा लावला, कण्हल्या, आणि —

"सिस्टर, आय पास आउट इन किचन."

"व्हेन डिड यू पास आउट?"

"डाळ उतू गेली तेव्हा."

"आई, इंग्रजीत!"

"थांब, शिटी झाली." उठल्या, गॅस बंद केला, परत येऊन शाल ओढली, परत कण्हल्या. "सिस्टर, आय थ्रो अप."

"हाउ मेनी टाइम्स?"

"तुझ्या नवऱ्याक विचार, तेनाच सकाळी पोहे केल्यान."

हसून हसून माझी उचकी लागली. सुयोग जागा झाला, म्हणाला काय चाललंय. सासूबाई म्हणाल्या, "तू गप ऱ्हव. मी आजारी आसंय."

३१ ऑगस्ट

'ब्रिंग अप' — पोर वाढवणं. विषय काढणं. ओकणं. तिन्ही एकच! सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आसा. पोर वाढवली की तां तिन्ही करूचा लागता."

पानं कापून त्यांनी स्वयंपाकघराच्या टाइल्सवर चिकटवलीयत. फोडणी देताना माझी नजर 'ब्रेक आउट' वर असते आणि मोहरी जळते.

१६ सप्टेंबर, सोमवार

गणपतीला गावी जाऊन आलो. दहा दिवस ही वही उघडलीच नाही.

गावातल्या बायकांना कुठून कळलं कोण जाणे. "सासवेक एकटी टाकून जातली मगे?" असं मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं — पण पाहुणी सून मी, गिळलं. सासूबाईंनी मात्र वरण वाढता वाढता सुनावलं, "मी काय मांजर आसंय, टाकून जाऊक?"

खरं तर तेच मला टोचतं. मी गेले की सहा महिन्यांनी सुयोगही येणार. सासूबाई येणार नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. "थय बांगडो गावता काय?" संपला विषय. म्हणजे चौसष्ट वर्षांची बाई दिंडोशीत एकटी, चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या घरी लिफ्ट नाही!

आणि अजून एक अडथळा आहेच — कौल. मला लग्न होईपर्यंत हे माहीत नव्हतं. यांच्याकडे मोठी गोष्ट करायची तर आधी गावच्या रवळनाथाला विचारतात. गुरव देवाच्या दगडी मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मांडतो, आणि सगळे टक लावून बसतात. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. खोली घेताना कौल, सुयोगच्या नोकरीला कौल, माझ्याशी लग्न करायलाही कौल! (उजवा. नाहीतर मी आज कुठे असते!) आमच्या दांड्यात देवी आहे, होळी आहे, नारळ आहे, पण समुद्रात जायचं की नाही हे माणूस वारा बघून ठरवतो. इथे डावा म्हणजे डावा. दिंडोशीच्या कोर्टात हरलात तर वर अपील असतं, रवळनाथाच्या वर कुणी नाही.

निलेश — सुयोगचा चुलत भाऊ, गावचं घर तोच बघतो — मला चिडवत होता, "वयनी, आधी परीक्षा पास व्हा, मगे देवाक त्रास देवया." खरंय त्याचं.

२९ सप्टेंबर, रविवार

फार वाईट वागले आज.

रात्रपाळी करून आलेली, डोळे जळत होते, आणि सासूबाई शाल घेऊन तयार! आज म्हणे नवीन पेशंट. "सिस्टर, माय नी गिव्ह वे." गुडघा अचानक दगा देतो म्हणे. मी म्हटलं, 'गेव्ह वे' म्हणा, झालेलं आहे ना. त्या म्हणाल्या, "झालला नाय, होता. रोज होता." मी म्हटलं कागदावर आहे तेच वाचा. त्या म्हणाल्या, "कागदावर माझो पाय नाय." आणि माझं सटकलं. "आई, तुम्हाला इंग्रजीतलं काय कळतं? माझी परीक्षा आहे, तुमचं नाटक नाही!"

त्यांनी शालीची घडी घातली. दिवाणावरून उठताना हात भिंतीला लावला.

ते मी पाहिलं. नर्स आहे मी. झोपले आणि झोप लागेना. महिनाभर त्या दर शनिवारी-रविवारी पेशंट होतायत. 'माय नी गिव्ह वे.' त्याआधी 'आय कॅनॉट गेट अप फ्रॉम फ्लोर.' त्याआधी 'इट कम्स ऑन इन द इव्हनिंग' — संध्याकाळी दुखायला लागतं. ही वाक्यं मी लिहून दिलीच नव्हती! त्या टाइल्सवरची पानं वाचून वाचून, शेपटं जुळवून, स्वतःचं सांगत होत्या. आणि मी व्याकरण तपासत होते!!

संध्याकाळी त्या भाजीला गेल्या, मी मागोमाग गेले. येताना प्रत्येक मजल्यावर थांबल्या. तिसऱ्यावर कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या. पिशवी मी घेतली. एकमेकींकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर गुडघा बघितला. सुजलेला. "कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"सांगितलं का नाही?"

"सांगतंयच हां ना कवापासून. सिस्टराक."

पाय धरून रडले मी. त्या म्हणाल्या, "सुयोगाक बोलू नको. तो तुका जावूक देवचो नाय."

३० सप्टेंबर

आमच्याच हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्सरे काढला. झीज आहे. ऑपरेशन नको इतक्यात — व्यायाम, वजन, पट्टा. सुयोगला सांगितलं, साधं दाखवायला नेलं होतं. खोटं बोलायला मला जमत नाही, पण सासूबाई शेजारी असल्या की जमतं.

६ ऑक्टोबर, रविवार

आता त्या व्यायाम करतात आणि मी शेपटं म्हणते. पाय वर — 'पुट अप विथ', सहन करणं. पाय खाली — 'पुट ऑफ', पुढे ढकलणं. पाय वर — 'पुट ऑन', चढवणं. दहा वेळा.

'टर्न डाउन'चं पान आलं. सांगितलं, आवाज कमी करणं, आणि नाही म्हणणं, नाकारणं. त्यांनी पाय खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

मग सासऱ्यांचं सांगितलं. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. सासरे, सीताराम, गिरणीत होते. संप झाला, गिरणी बंद पडली, सगळे घरी बसले. तेव्हा त्यांना मस्कतला नोकरी मिळत होती — तिथल्या कापडाच्या कारखान्यात, मशीनवर, जे त्यांना येत होतं तेच. पासपोर्टसुद्धा काढला. सासूबाईच गावी गेल्या आणि कौल लावला. डावा पडला. सासऱ्यांनी हूं की चूं केलं नाही. अंधेरीत एका सोसायटीत वॉचमन झाले. सव्वीस वर्षं गेटवर.

"पगार बरो होतो," सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीक मिठाई देयत."

मी विचारलं, मग देव चुकला का?

"देव कसो चुकात?" लगेच म्हणाल्या. मग पट्टा बांधता बांधता — "पण तेंका मशीनीचो आवाज आवडायचो. निजल्यावर पायान ठेको धरीत."

१२ ऑक्टोबर

दसरा. सासूबाईंनी टाइल्सवरच्या पानांना हळदकुंकू वाहिलं. सरस्वती म्हणे! सुयोग म्हणाला, आई, ते सगळे ओकण्या-मरण्याचे शब्द आहेत. "असूं देत. हेच तिका पास करतले."

१९ ऑक्टोबर, शनिवार

परीक्षा दिली. पेशंट झालेली बाई गोरी, सडपातळ, आवाज बारीक. म्हणाली, 'माय हिप कीप्स प्लेइंग अप.' प्लेइंग अप! हे पान टाइलवर नव्हतंच! (अधूनमधून दुखून त्रास देणं, हे घरी येऊन शोधलं.) मग ती खुर्चीत जशी बसली होती — एक पाय लांब, हात मांडीवर दाबून — ते बघितलं. सासूबाई दिवाणावर अशाच बसतात. शब्द गेला खड्ड्यात, म्हटलं. विचारलं, तुम्हाला हे कधीपासून होतंय, जिने चढता का, घरी कोण आहे सोबत. ती भडाभडा बोलायला लागली. वेळ संपला तरी आमचं चालूच.

बाहेर येऊन पहिला फोन घरी. "काय झाला पेशंटाक?" सासूबाईंनी विचारलं. माझं काय झालं ते नंतर!

६ नोव्हेंबर, बुधवार

पास!!! बोलण्यात सगळ्यात जास्त मार्क!

सासूबाई खालपर्यंत गेल्या पेढे आणायला. चार मजले! मी ओरडले, तर म्हणाल्या, "आज नी गिव्ह वे करूचो नाय."

खारदांड्याला फोन केला. माझी आई सरूबाई, जिला आनंद झाला की ती शिव्या देते, तिने मनसोक्त शिव्या दिल्या. दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं असणार.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओवर मुलाखत झाली आणि आज पत्र आलं. नोकरी मिळाली! इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्राकाठी गाव आहे. हाडांचा वॉर्ड. मार्चपासून.

सुयोगने पत्र दोनदा वाचलं, मला उचललं, फिरवलं — आणि खाली ठेवल्यावर म्हणाला, "आता कौल लावून घेऊ."

मी म्हटलं, आणि डावा पडला तर?

तो पत्राची घडी घालायला लागला.

"डावा पडला तर काय, सुयोग? पत्र परत पाठवायचं? दीड वर्ष मेहनत केली मी! तुझ्या देवाने एक तरी क्लास केला का?"

"तसं नाही गं. पण आपल्या घरात कौलाशिवाय कुणी पाऊल टाकलेलं नाही. उद्या तिकडे काही झालं, मला काही झालं, आईला झालं — मी स्वतःला काय सांगू?"

खोटा नाहीये तो, हेच अवघड आहे. मनापासून घाबरतो. याच भीतीने तो लिफ्टचा दोर तीनदा तपासतो आणि म्हणून त्याच्या लिफ्टमध्ये कधी कुणी अडकत नाही. (एकदा मी अडकले होते, तेव्हाच भेटला. पण ती दुसऱ्या कंपनीची लिफ्ट होती.) मी तरीही जेवले नाही. दार आपटलं. पाच मिनिटांनी दार उघडून परत आपटलं.

सासूबाई आमटी ढवळत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "मी जातंय गावाक. जत्रेक जावचाच होता. मी विचारतंय."

२२ नोव्हेंबर

बोलत नाही मी सुयोगशी. सासूबाईंशीही कामापुरतंच. त्याही तशाच — शेवटी देवाचंच ऐकणार! रागवायचा हक्क आहे का मला, माहीत नाही. पण रागावलेय.

३ डिसेंबर

सासूबाई उद्या निघणार. गुडघ्याचा नवा पट्टा, मलम, गोळ्या, सगळं पिशवीत भरलं. राग आहे, पण म्हणून पट्टा कसा विसरायचा? निलेश स्टेशनवर येणार आहे.

निघायच्या तयारीत म्हणाल्या, "मनाली, एक इचारू? तुका जावचा आसा ना? खरा सांग. माझ्याकडे बघून नको."

मी खालीच बघत होते. म्हटलं, हो आई. फार जायचंय.

"बरा," म्हणाल्या. आणि चणे भिजत घालायला उठल्या.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज जत्रा. पालखी, दशावतार, सगळं. फोन नाही. वॉर्डात एका आजोबांना चुकून दोनदा गुड मॉर्निंग म्हटलं. ते दोन्ही वेळा बोलले बिचारे.

७ डिसेंबर, शनिवार

फोन आला! उजवा!!

"उजवो दिल्यान," म्हणाल्या. सुयोगने फोन स्पीकरवर ठेवला होता. त्याने मोबाइललाच हात जोडले. "कसा पडला गं आई, पटकन पडला?" "पडलो मगे. जेवलास काय?" "आई, काय म्हणाले गुरव?" "काय म्हणतले? सुखी ऱ्हवा म्हणाले. काय जेवलास, ता सांग."

पंधरा मिनिटांत सुयोग थंडीचे कोट बघायला लागला. बघणाराच तो, विकत घेणारी मी.

रात्री मी एकटीने हात जोडले. दांड्याची आहे मी, माझा तुझा संबंध नाही तसा, पण बाबा रवळनाथा, उपकार झाले. तुला नारळ देणार मी. आणि सासूबाईंवर पंधरा दिवस रागावले होते, ते माफ कर.

११ डिसेंबर

सासूबाई आल्या. मी पायाच पडले. "उठ, उठ. माझो गुडघो बरो नाय, तुझो तरी सांभाळ."

१२ जानेवारी २०२५, रविवार

व्हिसाची कागदं, सही, फोटो. रोज काहीतरी.

गुडघ्याचं शेवटी सुयोगला सांगितलं. थयथयाट केला त्याने, मग रडला, मग जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवायला सोसायटीच्या मागे लागला. बसतोय पुढच्या आठवड्यात. शेजारच्या रुक्मिणीकाकू रोज सकाळी दूध द्यायला येतील, तेव्हा बघून जातील.

सासूबाईंनी स्वतःची व्यवस्था केलीय ती अजबच. मजल्यावरच्या तीन बायकांना रविवारी दुपारी घरी बसवून शेपटं शिकवणार! "माका सवय लागली आता," म्हणाल्या. काल रुक्मिणीकाकूंना दिवाणावर झोपवलं होतं. त्या बिचाऱ्या कण्हायला लाजत होत्या. सासूबाई दरडावून म्हणाल्या, "मोठ्यान! सिस्टराक कसा कळतला?"

खूप हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले. ही बाई मला तिकडे कुठे मिळणार? माझ्या सख्ख्या आईने मला वाढवलं, पण इंग्रजी बोलायला, माणसाचं दुखणं ऐकायला मला जानकी परबने शिकवलं. हे त्यांना तोंडावर सांगायला जमलं नाही अजून. इथे लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी

सांगितलं. मासे साफ करताना. त्या म्हणाल्या, "बरा बरा. खवले उडतत, बाजूक हो."

१६ फेब्रुवारी, रविवार

निलेश गावाहून आला, कोकमं आणि पोह्याचे पापड घेऊन. सासूबाई रुक्मिणीकाकूंकडे होत्या, सुयोग बॅगांचं वजन करायला गेलेला. मी निलेशच्या हातात नारळ आणि ओटी दिली. म्हटलं, उजवा कौल दिला त्याबद्दल, माझ्या नावाने देवाला दे.

"खयचो कौल, वयनी?"

मी म्हटलं, जत्रेच्या वेळी लावलेला.

"काकीन कौल लावूकच दिल्यान नाय. गुरव पाकळ्यो भिजवून बसलो होतो. काकी पायरेर बसली ती उठलीच नाय. म्हणता कशी — 'नको. डावो पडलो तर ऐकूचा लागात.'"

नारळ तरीही दे, म्हटलं. सुयोगला हे कधी कळता कामा नये. आणि मला कळलंय, हे सासूबाईंना.